वाफेवरचा हिशेब

कसाऱ्याला घाट चढण्यासाठी गाडीला बँकर इंजिन जोडतात, तेवढ्यात वडापाव खपतो. आमच्या आळीतल्या एका वहिनींनी मात्र स्टेशनबाहेर डिमसमची गाडी लावलीय. नाव चिनी, खाणं चहाबरोबरचं. पण तिकडे कोळंबीच्या डिमसमची पारी उकळत्या पाण्यातच मळतात, आपल्या उकडीसारखी; फक्त पीठ गव्हाच्या सत्त्वाचं, कुरडयांसाठी काढतो तसं. वहिनी तांदळाच्या उकडीत कोबी-गाजर भरतात, कळ्या पाडतात, मोदकपात्रात वाफवतात. वीस रुपयांना चार.

मी हिशेब विचारला. पीठ, भाजी, गॅस, सगळं वहीत होतं. ‘‘आणि तुमचे तीन तास?’’

‘‘ते कुठे मोजायचे असतात, ताई?’’

मोजायचेच असतात! बचत गटाच्या वहीत मजुरीचा रकाना आखायला लावला. आता तीस रुपयांना चार. दोन-चार गिऱ्हाइकं कुरकुरली, पण संध्याकाळी सातला पातेलं रिकामं असतं.