बंदुकीची कुळकथा, भाग ४ : पहिली चकमकीची बंदूक

गेल्या भागात तोड्याची बंदूक पाहिली. जळती वात सांभाळण्याच्या कटकटीतून शिपायाला सोडवले ते चकमकीने. १६१०च्या सुमारास फ्रान्समध्ये ही यंत्रणा आकाराला आली आणि पुढे दोनेकशे वर्षे युरोपच्या फौजा तिच्यावरच लढल्या. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अडगावला नागपूरच्या भोसल्यांवर चालून आलेल्या इंग्रजी पलटणींच्या हातात चकमकीच्याच बंदुका होत्या. त्यानंतर महिन्याच्या आत देवगावचा तह झाला, वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख दुसऱ्या रघूजी भोसल्यांच्या हातून गेला आणि ही नदी त्यांच्या राज्याची सीमा झाली.

आज वर्धा जिल्ह्यात कुणाला अशी बंदूक हवी असेल, तर त्याने आधी ठरवावे : ती भिंतीवर राहणार की तिचा बार काढायचा? १९५९चा शस्त्र कायदा सूट देतो ती जुनाट धाटणीच्या आणि दुरुस्त करूनही चालणार नाही अशा शस्त्राला. ‘पणजोबांची आहे’ एवढ्याने भागत नाही. चालू शकणाऱ्या बंदुकीला जिल्हाधिकाऱ्यांचा परवाना लागतोच.

बोरच्या जंगलाकाठी रोही आणि रानडुकरे रात्रीतून उभे पीक झोपवतात. पीक राखण्यासाठी द्यायच्या परवान्यात कायद्याने ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून भरायच्या, बंदुकीचे नावच घेतले आहे. मात्र हा परवाना बंदुकीचा, शिकारीचा नव्हे. जनावर मारायला वनखात्याची वेगळी परवानगी लागते. आणि शेतराखणीला चकमकीची घेऊच नये, टोपीची, म्हणजे ठोका बसताच पेटणाऱ्या टोपीने उडणारी, घ्यावी. चकमकीची रंजक, म्हणजे बार पेटवणारी दारू, नळीबाहेरच्या वाटीत असते. वाटीवर झाकण असले तरी श्रावणातल्या एका सरीने रंजक भिजते आणि बार फुसका जातो.

चकमकीची घ्यायची ती अभ्यासाला, संग्रहाला. दस्त्यावरच्या पितळी नक्षीला भुलू नका. हातात घेताच आधी ती भरलेली आहे का ते पाहा. चाप-घोड्याला हात न लावता, नळीच्या तोंडासमोर न येता, गज हलकेच आत सोडा, तोंडाशी बोटाने खूण धरा, मग तोच गज बाहेरून नळीला लावून पाहा. टोक कानापर्यंत, म्हणजे रंजकेच्या भोकापर्यंत, पोचत नसेल तर आत काहीतरी अडकले आहे. जुन्या बंदुकीत ठासलेला बार पिढ्यान्‌पिढ्या तसाच राहिलेला असतो आणि त्यातली दारू आजही पेटू शकते. ठोकू नका, उकरू नका.

नळी रिकामी निघाली की घोडा अंगठ्याने धरून अर्ध्यावर चढवा आणि चाप ओढा. घोडा सुटला तर खाच झिजलेली आहे. ती बंदूक नाकारा. मग घोड्याच्या जबड्यातला दगड पाहा. आपल्या काळ्या पाषाणाच्या मुलखात ओढ्यांत सापडणाऱ्या अकीकाच्याही ठिणग्या चांगल्या पडतात, पण धार ताजी हवी. दगड ज्या पोलादी पात्यावर घासतो, ते मऊ पडले असेल तर कितीही चांगला दगड लावा, ठिणगी मरतुकडीच. माझ्या मते निम्मी पारख या पात्यातच आहे. कानाचे भोक झिजून मोठे झालेले असेल किंवा नळीवर चीर दिसत असेल, तर सौदा तिथेच सोडावा.

घरात माळ्यावर वाडवडिलांची बंदूक असेल आणि कागद सापडत नसतील, तर तिला तेल लावत बसण्याआधी पोलीस ठाण्यात कळवा.