गृहश्रम, विनावेतन

स्वतःच्या कुटुंबातील व्यक्तींसाठी रोख मोबदला न घेता केलेल्या स्वयंपाक, झाडलोट, धुणीभांडी, बालसंगोपन, वृद्धांची व आजाऱ्यांची शुश्रूषा इ. कामांस विनावेतन गृहश्रम म्हणतात. ही कामे उत्पादक आहेत किंवा नाहीत, हे ठरविण्यासाठी अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ मार्गारेट रीड (१८९६–१९९१) यांनी १९३४ मध्ये एक कसोटी मांडली : जे काम मोबदला देऊन त्रयस्थाकडून करवून घेता येते, ते उत्पादक होय. तीनुसार स्वयंपाक करणे हे उत्पादन ठरते, जेवणे ठरत नाही.

राष्ट्रीय उत्पन्नातील स्थान : घरकामासाठी ठेवलेल्या पगारी स्त्रीशी मालकाने विवाह केल्यास काम तेच राहूनही राष्ट्रीय उत्पन्न घटते, ही विसंगती ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ आर्थर पिगू (१८७७–१९५९) यांनी निदर्शनास आणली. तथापि सायमन कुझनेट्स (१९०१–८५) यांनी १९३४ मध्ये सादर केलेल्या अमेरिकेच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या अंदाजात गृहिणींच्या सेवा वगळल्या आणि पुढे तीच प्रथा रूढ झाली. संयुक्त राष्ट्रांच्या १९९३ च्या लेखापद्धतीनुसार कुटुंबाने स्वतःसाठी निर्माण केलेल्या वस्तू उत्पादनात धरतात. विनावेतन सेवा धरीत नाहीत. त्यामुळे विहिरीवरून पाणी आणणे हे तत्त्वतः उत्पादन ठरते. परंतु त्याच पाण्याने केलेला स्वयंपाक हिशोबाबाहेर राहतो.

भारतातील प्रमाण : भारतात १९९८-९९ मध्ये सहा राज्यांत कालविनियोगाची प्रायोगिक पाहणी झाली. २०१९ च्या देशव्यापी पाहणीत सहा वर्षे व त्यावरील वयाच्या स्त्रियांपैकी ८१·२ टक्के, तर पुरुषांपैकी २६·१ टक्के व्यक्ती विनावेतन घरकाम करीत असल्याचे आढळले. हे काम करणाऱ्यांचा त्यावरील रोजचा सरासरी वेळ स्त्रियांच्या बाबतीत २९९ मिनिटे व पुरुषांच्या बाबतीत ९७ मिनिटे होता. २०२४ मध्ये हे आकडे अनुक्रमे २८९ व ८८ झाले. म्हणजे दोहोंचा वेळ घटला, त्यांतील अंतर मात्र जवळजवळ तेवढेच राहिले.

मूल्यमापन व विषमता : मूल्यमापनाच्या मुख्य पद्धती दोन आहेत. प्रतिस्थापन-परिव्यय पद्धतीत तेच काम पगारी व्यक्तीकडून करवून घेण्यास किती खर्च येईल, हे पाहतात. संधी-परिव्यय पद्धतीत काम करणाऱ्या व्यक्तीने तेवढ्या वेळात बाहेर किती मिळकत केली असती, हे पाहतात. पहिल्या पद्धतीत घरकामगारांचे अल्प वेतनच मापदंड बनते. दुसरीत उच्चशिक्षित स्त्रीने केलेली भाकरी मजूर स्त्रीच्या भाकरीपेक्षा मोलाची ठरते. श्रम समान असूनही मूल्य भिन्न येते, कारण बाजारातील विषमता मूल्यमापनात उतरते.

घरकामाचे तास श्रीमंत व गरीब कुटुंबांत उत्पन्नाइतके विषम नसतात. म्हणून त्यांचे मूल्य उत्पन्नात मिळविल्यास कुटुंबाकुटुंबांतील विषमता कमी दिसते. उदा., १०,००० व १,००,००० रु. मासिक उत्पन्नाच्या दोन कुटुंबांत प्रत्येकी १०,००० रुपयांचे गृहश्रम धरल्यास दहापटीचे अंतर साडेपाचपट होते. परंतु या आकडेमोडीने गरीब कुटुंबाच्या हाती एक रुपयाही अधिक येत नाही. शिवाय कुटुंबांतर्गत विषमता झाकलेलीच राहते : अर्थार्जनासाठी उरणारा वेळ स्त्रियांना कमी मिळतो, नोकरीत खंड पडतो आणि निवृत्तिवेतन व मालमत्ता यांतील त्यांचा वाटाही घटतो.

न्यायालयीन दृष्टिकोन : अपघाती मृत्यूच्या नुकसानभरपाईत हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहतो. जमशेटपूर येथील १९८९ च्या अग्निदुर्घटनेसंबंधीच्या २००१ मधील निकालात सर्वोच्च न्यायालयाने ३४ ते ५९ वयोगटातील गृहिणींच्या सेवांचे मूल्य दरमहा ३,००० रु. धरले. मोटार वाहन अधिनियमाच्या, १९९४ मध्ये जोडलेल्या परिशिष्टात न कमावत्या जोडीदाराचे उत्पन्न कमावत्या जोडीदाराच्या एक-तृतीयांश मानले होते. अर्थात गृहिणीच्या श्रमाचे मोल पतीच्या पगारावरून ठरे. २००१ च्या जनगणनेत गृहिणींना भिकारी व कैदी यांच्याबरोबर अकर्मी वर्गात घातल्याबद्दल न्यायालयाने २०१० मध्ये टीका केली. गृहिणींचे काल्पनिक उत्पन्न निश्चित करणे हा त्यांच्या श्रमाचा स्वीकार होय, असे मत त्याने २०२१ मध्ये व्यक्त केले.

उपाय : तमिळनाडू राज्याने २०२३ मध्ये पात्र कुटुंबप्रमुख स्त्रियांना दरमहा १,००० रु. हक्करक्कम देण्यास प्रारंभ केला. अशा रकमेने श्रमास मान्यता मिळते. पण कामाचे तास घटत नाहीत. नळाचे पाणी, स्वच्छ इंधन व पाळणाघरे यांनी ते घटू शकतात. त्यांची स्त्री-पुरुषांत वाटणी होणे ही मात्र प्रत्येक कुटुंबाच्या आचरणातील बाब असून २०१९ ते २०२४ या काळात तीत फारसा फरक पडलेला नाही.