धीर येतो कुठून?

देवावर भरवसा ठेवला की संकट टळते, असे पुष्कळांना वाटते. संकट टळले नाही, की तीच माणसे विचारतात, 'मग देव गेला कुठे?' या दोन्ही बोलण्यांत श्रद्धेकडे विम्याच्या पावतीप्रमाणे पाहिलेले असते. हप्ता भरला आहे, तेव्हा भरपाई मिळालीच पाहिजे! ख्रिस्ती धर्मात 'आशा' या शब्दाला फार मोठे स्थान आहे. परंतु ती आशा या पावतीच्या हिशेबात बसत नाही. मग ती कोणत्या प्रकारची असते, आणि रोजच्या ओढाताणीत माणसाला तिचा काय उपयोग होतो, हे माझ्या कुवतीप्रमाणे सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

हा प्रश्न मला पुस्तकात भेटला नाही, घरात भेटला. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ आले आणि दापोली-मंडणगडकडील वाड्या त्याने झोडपून काढल्या. मी तेव्हा आठवी संपवून नववीत जाणार होते. आमचे घर कौलारू. आई, बाबा, मी आणि धाकटा भाऊ माजघरात भिंतीला टेकून बसलो होतो. आई मोठमोठ्याने प्रार्थना करीत होती आणि तिच्या आवाजाच्या वरताण आवाज करीत कौले उडत होती. वारा पडला तेव्हा निम्म्या घरावर आभाळ होते. मी रागाने आईला विचारले, 'एवढी प्रार्थना केलीस, उपयोग काय झाला?' आई काहीच बोलली नाही. तिने पदर खोचला आणि शेजारच्या काकूंच्या अंगणातली धडकी कौले वेचायला ती निघून गेली. काकूंच्या घरी तान्हे मूल होते. त्यांच्या देव्हाऱ्यावरही कौल उरले नव्हते. वाऱ्याने कोणाचा धर्म पाहिला नव्हता.

आईच्या त्या न बोलण्याचा अर्थ मला पुढे महाविद्यालयात आल्यावर, लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचताना लागू लागला.

आपल्या जिल्ह्याला हा विषय परका नाही. स्कॉटिश मिशनचे पहिले मिशनरी १८२३ साली बाणकोटला आले. हर्णैलाही त्यांचे ठाणे होते. पण मिशनरी आले, शाळा निघाल्या, एवढ्याने धर्म मातीत रुजत नाही. तो आपल्या भाषेत बोलू लागावा लागतो. ते काम ज्यांनी केले, त्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा जन्म दापोली तालुक्यातील करजगावचा, सन १८६१ चा. १८९३ साली राजनांदगावच्या प्रवासात आगगाडीच्या डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना 'नवा करार' वाचायला दिला. पर्वतावरील प्रवचनापाशी आल्यावर त्यांना पुस्तक खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मात्र ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी अभंग आणि ओवी सोडली नाही. कीर्तनही सोडले नाही. तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी त्यांची भावना होती. मराठी ख्रिस्ती मंडळींच्या 'उपासना संगीत' या पुस्तकात आजही त्यांची शंभराहून अधिक गीते आहेत, आणि आमच्यासारख्या घरांत ती रात्री दिवा लावल्यावर म्हटली जातात.

टिळक कवी होते, विद्वान होते. त्यांच्या निर्णयाची झळ बसली ती लक्ष्मीबाईंना. त्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या. माहेरचे नाव मनकर्णिका गोखले, जन्म १८६८ चा. वडील इतके सोवळे पाळणारे, की बाजारातून आणलेले जिन्नसही धुऊन घ्यावयाचे. लग्न अकराव्या वर्षी झाले. शाळा त्यांना कधी मिळाली नाही. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, नवऱ्याकडून. अशा बाईला एके दिवशी कळते की आपला नवरा ख्रिस्ती झाला. त्या काळी हा प्रसंग जिवंतपणी वैधव्य आल्यासारखाच. पदरी लहान मुलगा. जवळजवळ पाच वर्षे त्यांनी नातलगांच्या आधाराने काढली. याच दुःखात त्यांच्या तोंडून पहिली कविता बाहेर पडली.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, लक्ष्मीबाई नवऱ्याकडे परत आल्या तेव्हा त्या ख्रिस्ती म्हणून आल्या नव्हत्या. आल्यावरही त्यांनी आपले सोवळे आणि आपली चूल वेगळी ठेवली. पुढे राहुरीच्या मुक्कामात त्या विचार करू लागल्या, की जात देवाने केली की माणसाने? पशुपक्ष्यांच्या जाती पाहताक्षणी ओळखू येतात. माणसाची जात तोंडावर लिहिलेली असते काय? तेव्हा ही वाटणी माणसाचीच, असा त्यांचा निश्चय झाला, आणि कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास हरकत नाही, असे त्यांनी ठरविले. त्यानंतर १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांची श्रद्धा पाण्याच्या तांब्यापासून सुरू झाली, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

त्यानंतर त्यांची संकटे संपली काय? मुळीच नाही. टिळकांचा स्वभाव विलक्षण. हातात आलेला पैसा ते कोणाला देऊन मोकळे होतील, याचा नेम नसे. घरात पीठ आहे की नाही, हे पाहणे लक्ष्मीबाईंकडेच राहिले. १८९९-१९०० च्या दुष्काळानंतर अनाथ मुले त्यांच्या घरात वाढली. नगरला (आजच्या अहिल्यानगरला) प्लेग आला तेव्हा त्या रोग्यांच्या शुश्रूषेला उभ्या राहिल्या. बालकवी ठोंबरे त्यांच्या घरी राहिले, त्यांना लक्ष्मीबाईंनी मुलासारखे सांभाळले. तेही १९१८ साली रेल्वेखाली सापडून गेले. ९ मे १९१९ रोजी टिळक गेले. पुढे त्या मुलाबरोबर कराचीपर्यंत गेल्या. हे सर्व त्यांनी 'स्मृतिचित्रे'त इतके हसत सांगितले आहे, की वाचता वाचता आपण हसतो आणि मग आपल्याला आपलीच लाज वाटते. नवऱ्याने अर्धवट सोडलेले 'ख्रिस्तायन' हे महाकाव्यही त्यांनीच पुढे लिहून पूर्ण केले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे निधन झाले.

हा धीर कुठून आला? मला यात तीन गोष्टी दिसतात, आणि त्या तिन्ही ख्रिस्ती श्रद्धेच्या गाभ्यातल्या आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे गाऱ्हाणे. आपल्या कोकणात ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणे घालण्याची रीत आहे. ती सर्वांच्या परिचयाची आहे. बायबलमधील स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रे आहेत आणि त्यांतली कितीतरी निव्वळ गाऱ्हाणी आहेत. 'तू कुठे लपलास, किती दिवस मला विसरणार' या जातीचे प्रश्न भक्त देवाला तोंडावर विचारतो. तुकोबा जसे विठोबाशी भांडत, तसेच हे. म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेत रडण्यास बंदी नाही, रागावण्यास तर नाहीच. खुद्द येशूने वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत प्रार्थना केली, की होईल तर हा दुःखाचा प्याला माझ्यापासून दूर व्हावा. तो दूर झाला नाही! ज्या धर्माच्या मध्यभागी अशी मान्य न झालेली प्रार्थना आहे, तो धर्म भक्ताला विम्याची पावती कशी देईल? प्रार्थनेने त्या रात्री प्रसंग बदलला नाही. प्रसंगाला सामोरे जाण्याचे बळ मात्र आले. मी आईला विचारलेला प्रश्न आई आतल्या आत देवालाही विचारीत असेल, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नव्हते.

दुसरी गोष्ट म्हणजे काम. पौलाने रोम येथील मंडळीला लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात आशेचा एक जिना सांगितला आहे. त्याची खालची पायरी संकट आहे आणि आशा आहे ती वरची. मधल्या पायऱ्या टिकून राहण्याच्या आणि कसाला उतरण्याच्या. आपण साधारणपणे याच्या उलट समजतो. आधी आशा वाटावी, मग उठावे, असे आपल्याला वाटते आणि आपण बसून राहतो. लक्ष्मीबाईंनी आधी भाकऱ्या थापल्या, पोरे न्हाऊ-माखू घातली, रोग्याची उशी सारखी केली; आशा मागाहून आली.

पंडिता रमाबाईंचे उदाहरणही असेच आहे. दुष्काळात आईबाप गेले, १८८२ साली पती गेले. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढले, आणि १८९६-९७ च्या दुष्काळात उपाशी मुली व विधवा गोळा करून केडगावला आणल्या. १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. तरीही मूळ भाषांवरून बायबल सोप्या मराठीत आणण्याचे हाती घेतलेले काम त्यांनी सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. त्यांचा देह थकला, शोक अनावर झाला. पण लेखणी चालत राहिली.

तिसरी गोष्ट म्हणजे मंडळी. ख्रिस्ती लोक चर्चला 'मंडळी' म्हणतात, हा शब्द मला फार आवडतो. इमारत पडली तरी मंडळी पडत नाही. वादळाच्या सुमारास टाळेबंदीमुळे उपासना बंद होत्या. वीज तर कित्येक दिवस नव्हती. आमच्या बाजूला ख्रिस्ती घरे बोटांवर मोजण्याइतकी. पण त्यांतल्या कोणी तांदूळ पाठविले, कोणी ताडपत्री दिली. आणि ताडपत्री बांधायला जे चार हात वर चढले ते काकूंच्या घरचे होते. मंडळीची हद्द त्या दिवशी आमच्या वाडीएवढी झाली. शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती करावी ही शिकवण आम्ही पाठ केलेली होती; ती आमच्या वाट्याला मात्र शेजाऱ्याकडूनच आली.

येथे एक आक्षेप घेतला जाईल. मार्क्सने १८४४ साली धर्माला अफूची उपमा दिली, हे आपण वर्गात शिकलो आहोत. तो आक्षेप मी झटकून टाकीत नाही. आजारी मुलाला दवाखान्यात न नेता नुसती प्रार्थना करणारी, किंवा गरिबाला 'हे देवानेच दिले, सोस' म्हणून गप्प बसविणारी श्रद्धा अफूच आहे, मग ती कोणत्याही धर्माची असो. श्रद्धेची परीक्षा एकाच प्रश्नाने करावी असे मला वाटते: प्रार्थनेवरून उठल्यावर माणसाचे हात कुठे जातात? लक्ष्मीबाईंचे हात अनाथ मुलाकडे गेले, रमाबाईंचे केडगावच्या रस्त्याने आलेल्या उपाशी मुलींकडे गेले. असे हात अफू घेतलेल्याचे नसतात. अर्थात असे हात श्रद्धेवाचूनही चालू शकतात, हेही मी पाहिले आहे. श्रद्धा हा धीराचा एकमेव झरा आहे असा माझा दावा नाही. आमच्या घरात तो झरा हा आहे, एवढेच.

आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. फीची तारीख जवळ आली की बाबांचे बोलणे कमी होते, हे मला ठाऊक आहे. बाबा दुसऱ्याच्या बागेत कामाला जातात आणि घरामागे आमची थोडी सुपारी होती. ती त्या वादळात आडवी झाली. सुपारीचे रोप लावल्यापासून फळ धरीपर्यंत सहा-सात वर्षे सहज जातात. त्याच पावसाळ्यात, घरावर अजून ताडपत्री असताना, आईबाबांनी नवी रोपे लावली. तेव्हा मला तो वेडेपणा वाटला होता. आधी घर शाकारावे, मग बाग, असे माझे म्हणणे होते. बाबा म्हणाले, 'घर कधीही शाकारता येईल गं, पण रोपाचा पाऊस गेला तर वर्ष गेलं.'

मागच्या सुट्टीत मी घरी गेले तेव्हा 'स्मृतिचित्रे' बरोबर नेले होते. आई चौथीपर्यंत शिकलेली; मोठे पुस्तक तिला वाचवत नाही. रात्री मी वाचीत होते आणि ती तांदूळ निवडीत ऐकत होती. टिळकांनी घरचे पैसे कोणाला तरी देऊन टाकल्याचे ऐकून ती पोट धरून हसली आणि म्हणाली, 'पुढं वाच, बाईनं मग चूल कशी पेटवली ते सांग.' ख्रिस्ती आशेवर मी एवढे पानभर लिहिले. आईने नेमका तोच प्रश्न एका वाक्यात विचारला.

सकाळी तिने मला घरामागे नेले. त्या पावसाळ्यातल्या रोपांपैकी तीन झाडांना पहिली पोय आली होती.