खुर्च्या कोण मांडतं? दारू सुटलेल्यांच्या सेवेबद्दलचे गैरसमज

औंधसारख्या गावात एखाद्याची दारू सुटली, की पहिले काही महिने कोणाचाच विश्वास बसत नाही. आणि एकदा बसला, की गाव त्याला डोक्यावर घेतं. गणपतीत व्यसनमुक्तीवर बोलायला बोलावतात, शाल-श्रीफळ देतात, फ्लेक्सवर फोटो लावतात. यामागे माया असते, पण तो माणूस अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या, म्हणजे एएच्या मीटिंगला जाणारा असेल, तर तिथली सेवा या सत्काराच्या अगदी उलट दिशेने चालते. तिथे कोणी सतरंज्या घालतो, कोणी चहा ठेवतो, कोणी दारात उभा राहून नव्या माणसाला ‘या, बसा’ म्हणतो. या सेवेबद्दल आपल्याकडे बरेच चुकीचे समज आहेत. त्यांच्यामुळे गरजू माणूस मीटिंगच्या दाराशी येऊनही परत फिरतो, म्हणून हे लिहायला हवं.

सगळ्यात मोठा गैरसमज असा : हा आता दुसऱ्यांची दारू सोडवत फिरतो, म्हणजे स्वतः पूर्ण बरा झाला आणि आता परोपकार करतोय. एएची सुरुवात पाहिली तर उलटंच दिसतं. न्यूयॉर्कमधल्या शेअर बाजारात काम करणारा बिल विल्सन डिसेंबर १९३४ मध्ये दारूतून बाहेर पडला. पुढचे काही महिने तो भेटेल त्या दारुड्याच्या मागे लागला. त्यातला एकही सुधारला नाही, पण तो स्वतः मात्र प्यायला नाही. मे १९३५ मध्ये तो धंद्याच्या कामासाठी ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रनला गेला. काम फसलं, खिशात फार पैसे नव्हते, आणि हॉटेलच्या लॉबीशेजारीच बार होता. आपण आता पिणार हे त्याला कळलं. वाचायचं असेल तर दुसरा दारुडा गाठायला हवा, हेही कळलं. त्याने गावातल्या धर्मगुरूंना फोन लावायला सुरुवात केली. त्या धाग्याने तो डॉ. बॉब स्मिथ या शल्यचिकित्सकापर्यंत पोहोचला. या वेळी त्याने उपदेश केला नाही, फक्त आपलं काय झालं ते सांगितलं. त्यानंतर डॉक्टर एकदा घसरले, पण १० जून १९३५ हा त्यांच्या पिण्याचा शेवटचा दिवस ठरला. एए तोच आपला स्थापनादिन मानते. मग दोघे मिळून अ‍ॅक्रनच्या इस्पितळात एका पेशंटच्या खाटेशी जाऊन बसले. तो तिसरा सभासद झाला.

म्हणजे बिल डॉक्टरांकडे स्वतःला वाचवायला गेला होता. एएतले जुने लोक आजही नव्या माणसाचे आभार मानतात ते यासाठी. त्याला बघून त्यांना आपला पहिला दिवस आठवतो. अभ्यासांतही याची खूण सापडते. अमेरिकेत ‘प्रोजेक्ट मॅच’ नावाच्या मोठ्या चाचणीत १,७२६ जण होते. त्या माहितीवर २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात, उपचारांच्या काळात इतर व्यसनींना मदत करणाऱ्यांपैकी ४० टक्के लोक पुढचं वर्षभर पुन्हा पिण्याकडे वळले नव्हते. मदत न करणाऱ्यांत हे प्रमाण २२ टक्के होतं. जे मुळातच सावरत होते तेच मदतीला पुढे आले असतील, ही शक्यता अशा अभ्यासात उरतेच. म्हणून सेवा केली की दारू सुटलीच, असं कोणी म्हणू नये. पण सेवेचा पहिला लाभ करणाऱ्याला होतो, हा सभासदांचा अनुभव पोकळ नाही एवढं नक्की.

यातूनच पुढचा समज खोटा ठरतो, की पाच-दहा वर्षं न प्यायलेल्यानेच सेवा करावी. समूहाचा सचिव होण्यासाठी किंवा इस्पितळात, तुरुंगात जाऊन बोलण्यासाठी काही काळाची सोबरायटी मागतात, आणि ते योग्यच आहे. खुर्च्या मांडायला मात्र एक दिवसही पुरतो. हात थरथरत असलेल्या माणसाला कोणी कपबश्या धुवायला सांगितलं, तर त्याला मीटिंग संपेपर्यंत थांबायला कारण मिळतं.

‘यांना सरकारचं अनुदान असणार, नाहीतर कोण कशाला वेळ घालवील?’ हाही प्रश्न पारावर निघतो. एएच्या बारा परंपरांपैकी सातवी परंपरा सांगते, की प्रत्येक समूहाने आपला खर्च आपणच भागवावा, बाहेरची देणगी घेऊ नये. मीटिंगमध्ये फिरणाऱ्या पिशवीत सभासद जे टाकतील त्यावर जागेचं भाडं आणि चहा चालतो. बाहेरच्याने मोठी रक्कम देऊ केली तरी समूह ती नाकारतो. सुरुवातीच्या काळात चार्ल्स टाउन्स या दवाखान्याच्या मालकाने आपल्याकडे बिलला पगारी नोकरी देऊ केली. बिलची आर्थिक ओढाताण चालू होती, मनही झालं. त्याच्याच घरी जमणाऱ्या सोबत्यांनी सांगितलं, की हे पैशासाठी व्हायला लागलं तर टिकणार नाही. त्याने नकार दिला.

इथे एक गल्लत फार होते. पुण्याचं मुक्तांगण किंवा साताऱ्याचं परिवर्तन या संस्था म्हणजे एए नव्हेत. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या मुक्तांगणात डॉक्टर आहेत, समुपदेशक आहेत, दाखल होण्याची सोय आहे. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी उभं केलेलं परिवर्तनही उपचारकेंद्र आहे. तिथे काम करणाऱ्याने पगार घेणं हे रास्त आहे, त्यात कमीपणा काही नाही. एएचा सभासद मात्र सभासद म्हणून कोणाच्या घरी जातो, तेव्हा पैसे घेत नाही. दोन्ही एकमेकांना पूरक आहेत.

‘मग यांचा अध्यक्ष कोण?’ अध्यक्ष नाही हे ऐकल्यावर लोकांना गोंधळ माजेल असं वाटतं. औंधच्या लोकांनी तरी असं म्हणू नये. जानेवारी १९३९ मध्ये याच औंध संस्थानाने स्वराज्याची घटना अमलात आणली आणि राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी आपली सत्ता लोकांच्या, गावपंचायतींच्या हाती दिली. आटपाडीजवळच्या स्वतंत्रपुरात कैद्यांना भिंतींविना, विश्वासावर ठेवून शेती करायला लावली. ही कल्पना मूळच्या पोलंडच्या मॉरिस फ्रीडमन यांची. गदिमांनी लिहिलेला ‘दो आँखें बारह हाथ’ हा १९५७ चा चित्रपट या वसाहतीवरूनच सुचला. त्याच साली मुंबईत एएचं काम सुरू झालं. एएची दुसरी परंपरा सांगते, की आमचे पुढारी म्हणजे विश्वासू सेवक, ते राज्य करत नाहीत. सचिव, खजिनदार ठरावीक मुदतीने बदलतात. काल हिशेब ठेवणारा आज मागच्या रांगेत बसतो. खुर्चीची गोडी दारूइतकीच वाईट, हे या लोकांनी अनुभवाने ओळखलं असावं असं मला वाटतं.

आता सत्काराकडे येऊ. ‘अनामिक’ राहण्याचा अर्थ तोंड लपवणं असा लावला जातो. प्रत्यक्षात सभासद आपल्याबद्दल शेजाऱ्याला, डॉक्टरांना, मालकाला हवं तर सांगू शकतो. बंधन आहे ते वर्तमानपत्र, रेडिओ, चित्रपट अशा माध्यमांत एएचा सभासद म्हणून नाव-चेहरा झळकवण्यावर, आणि दुसऱ्या कोणाचं नाव बाहेर सांगण्यावर. फ्लेक्सवर चढलेला माणूस उद्या घसरला, तर गाव म्हणणार, एए खोटी. शिवाय लाजेने तो परत मीटिंगला जायचा नाही, आणि ही लाज जिवावर बेतू शकते. लहान गावात कोण कुठे जातं ते सगळ्यांना कळतं, म्हणून काही जण मुद्दाम दुसऱ्या गावच्या मीटिंगला जातात. बसस्टँडवर दिसले तर ‘कुठं निघालात?’ विचारू नये, एवढं आपण करू शकतो.

शेवटचा गैरसमज जिवावर बेतणारा आहे. ‘एएवाल्यांना बोलवा, ते धरून नेतील.’ ते कोणालाही धरून नेत नाहीत. सहसा दोघे मिळून येतात, आपली कहाणी सांगतात, आणि समोरच्याला सोडायची इच्छा असेल तर मीटिंगला सोबत घेऊन जातात. ते औषध देत नाहीत, डॉक्टरांनी दिलेलं बंद करायलाही सांगू नये. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबवलं तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, क्वचित मृत्यूही ओढवतो. अशा वेळी आधी दवाखाना, मग मीटिंग. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन १४४४६ आहे.

आणि घरच्यांसाठी वेगळी सोय आहे. नवरा प्यायचा थांबो वा न थांबो, बायकोला, आईला, भावाला अल-अ‍ॅनॉनच्या मीटिंगला जाता येतं. ती १९५१ पासून चालणारी स्वतंत्र संघटना आहे. तिथेही सतरंज्या घरच्याच माणसांनी घातलेल्या असतात.