स्टेटस ठेवलं, पुढं काय? कायदा कुणाला अडवतो, कुणाला नाही

कोल्हापूर : आपल्या जिल्ह्यात माणूस कुठल्या गटाचा, हे सहसा विचारावं लागत नाही. गाडीच्या काचेवर नाहीतर मोबाईलच्या कव्हरवर ते लिहिलेलं असतं. २०१९ च्या लोकसभेला सतेज पाटील गटाचं ‘आमचं ठरलंय’ असंच गावोगावी पोहोचलं. आता काचेची जागा व्हॉट्सअॅप स्टेटसनं घेतली आहे, आणि तिथं चूक महागात पडते. आक्षेपार्ह स्टेटसवरून ७ जून २०२३ रोजी कोल्हापूर शहरात दगडफेक झाली, इंटरनेट बंद ठेवावं लागलं.

पण न आवडणारं प्रत्येक स्टेटस गुन्हा असतं का? याचं उत्तर देणारा सुप्रीम कोर्टाचा निकाल आपल्याच जिल्ह्यातल्या प्रकरणात आला आहे.

ऑगस्ट २०२२ ची गोष्ट. जिल्ह्यातल्या एका खासगी महाविद्यालयातल्या काश्मिरी प्राध्यापकानं स्टेटस ठेवलं. ५ ऑगस्ट हा जम्मू-काश्मीरसाठी काळा दिवस, कलम ३७० रद्द झालं त्यावर आम्ही खूश नाही, असा त्याचा आशय होता. १४ ऑगस्टला पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छाही होत्या. हातकणंगले पोलिसांत कलम १५३-अ खाली, म्हणजे समाजात तेढ पसरवल्याबद्दल, गुन्हा दाखल झाला. १० एप्रिल २०२३ रोजी मुंबई उच्च न्यायालयानं तो रद्द करायला नकार दिला. ७ मार्च २०२४ रोजी न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांच्या खंडपीठानं मात्र तो रद्द केला.

सरकारच्या निर्णयावर टीका करणं, त्या दिवसाला काळा दिवस म्हणणं हा नागरिकाचा हक्क आहे, असं कोर्टानं सांगितलं. दुसऱ्या देशाच्या लोकांना शुभेच्छा देण्यातही गुन्हा नाही. महत्त्वाची आहे ती मोजपट्टी. हलक्या कानाच्या चार लोकांना काय वाटेल हे बघायचं नाही, समंजस माणसांवर काय परिणाम होईल ते बघायचं. पोलिसांना अभिव्यक्ती स्वातंत्र्य समजावून सांगायची वेळ आली आहे, असंही कोर्टानं सुनावलं. १ जुलै २०२४ पासून हेच कलम भारतीय न्याय संहितेत १९६ क्रमांकानं आहे.

म्हणजे मोकळं रान नव्हे. त्या प्राध्यापकाला कोर्टाच्या पायऱ्या दीड वर्ष चढाव्या लागल्या. शिवाय फौजदारी गुन्हा वेगळा आणि नोकरीतली कारवाई वेगळी.

सरकारी नोकरांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू आहेत. पक्षाचं सदस्य होता येत नाही, प्रचार करता येत नाही. मत द्यायचं, पण कुणाला दिलं ते सांगायचं नाही. अंगावर, गाडीवर किंवा घरावर निवडणूक चिन्ह लावलं तरी तो प्रचारच धरला जातो. एक भाऊ निवडणुकीला उभा आणि दुसरा तलाठी, असं एकाच घरात असतंच की! तिथं घरावरचा झेंडा तलाठी भावाच्या अंगाशी येऊ शकतो. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांसाठी १९६७ चे वेगळे वर्तणूक नियम आहेत.

त्यात २८ जुलै २०२५ च्या शासन निर्णयाची भर पडली. सोशल मीडियावर सरकारी धोरणांवर टीका नको, वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवा, असं त्यात आहे. स्थानिक स्वराज्य संस्थांतले आणि कंत्राटी कर्मचारीही त्यात येतात. ‘मी काय कायम नाही’ ही पळवाट आता चालणार नाही.

साखर कारखाना, दूध संघातले कामगार सरकारी नोकर नाहीत. त्यांना संस्थेचे सेवानियम. पण तिथं खरी भीती नियमांची नसतेच. संचालक मंडळ ज्या गटाचं, त्याच्या विरोधातलं स्टेटस ठेवायला कामगार दहा वेळा विचार करतो. ही भीती कुठल्या कायद्यात लिहिलेली नाही, त्यामुळं तिच्याविरुद्ध दाद मागणंही अवघड जातं.

शेतकरी, दुकानदार, रिक्षावाले यांच्यावर यातलं नोकरीचं बंधन नाही. मतदानादिवशी मात्र सगळे सारखे. केंद्रापासून १०० मीटरच्या आत प्रचार किंवा निवडणुकीची खूण दाखवायला बंदी आहे. दंड फक्त २५० रुपयांपर्यंत आहे, पण गुन्हा दखलपात्र असल्यानं पोलीस वॉरंटशिवाय ताब्यात घेऊ शकतात.