लोह, गंधक आणि एक विषारी वायू

यवतमाळ जिल्ह्यातील खेड्यापाड्यांतून आलेल्या आमच्या विद्यार्थ्यांना विज्ञानात लवकर भेटणारा क्षार म्हणजे फेरस सल्फाइड. 7 ग्रॅम लोहकीस व 4 ग्रॅम गंधक एकत्र तापविले, की हा काळसर घन पदार्थ तयार होतो. मिश्रणातील लोह चुंबकाने वेगळे काढता येते, संयुगातील नाही.

या क्षारावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल टाकल्यास कुजक्या अंड्यासारख्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड वायू निघतो. तो क्षारांच्या द्रावणात सोडून धातू ओळखतात : शिसे व तांबे यांचा साका काळा, कॅडमिअमचा पिवळा, अँटिमनीचा नारिंगी.

हाच वायू गटारात व मैल्याच्या टाकीत प्राणवायूविना घाण कुजताना सूक्ष्मजीव निर्माण करतात. तो हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतो. हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे 100 भाग झाला, की नाक बधिर होते. वास थांबला म्हणजे धोका टळला, ही समजूत त्यामुळेच प्राणघातक ठरते. वाचवायला उतरलेला दुसराही दगावतो. सुरक्षा साधनांविना माणसाला गटारात उतरविण्यास 2013 च्या कायद्याने बंदी आहे; तरीही मृत्यू थांबलेले नाहीत, आणि मरणारे बहुतांशी आपल्याच शोषित समाजातील आहेत.

ऐकीव गोष्ट तपासून पाहावी, असे तथागतांनी कालामांना सांगितले. येथे मात्र नाकावर विसंबू नये. कोणीही टाकीत उतरू नये, हे आमच्या प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या गावी सांगावे.