९४ टक्के: ड्युनेडिनच्या हजार बाळांचा हिशेब

अभ्यासात घेतलेली मुले १,०३७. त्यांतली वयाच्या ४५ व्या वर्षी हयात ९९७. हयात असलेल्यांपैकी तपासणीला आलेली ९३८. म्हणजे ९४ टक्के. न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठाने पाच दशके नेटाने चालवलेल्या एका संशोधनाचे सगळे भांडवल या चार आकड्यांत आहे. आरोग्य, जीवशास्त्र आणि वर्तन यांचा एकत्र वेध घेणाऱ्या या अभ्यासातून हजाराहून अधिक शोधनिबंध निघाले, आणि त्यांतले कित्येक निष्कर्ष जगभरच्या वर्तमानपत्रांत मथळ्याला गेले. मथळ्यात येतो तो अंश. त्याखालच्या छेदाकडे सहसा कोणी पाहत नाही. या अभ्यासाची खरी कमाई मात्र तो छेदच आहे.

ड्युनेडिन हे दक्षिण बेटावरचे सुमारे सव्वा लाख वस्तीचे शहर. १८६९ साली स्थापन झालेले ओटागो हे त्या देशातले सर्वांत जुने विद्यापीठ, तरी ते राजधानीचे नाही की सर्वांत मोठ्या शहराचेही नाही. (आपल्याकडच्या जुन्या क्रिकेटवेड्यांना हे गाव वेगळ्या कारणाने आठवेल. परदेशातली पहिली कसोटी भारताने १९६८ मध्ये इथेच जिंकली आणि अजित वाडेकर त्या संघात होते.) १ एप्रिल १९७२ ते ३१ मार्च १९७३ या वर्षात इथल्या क्वीन मेरी प्रसूती रुग्णालयात जन्मलेली आणि तीन वर्षांनंतरही त्याच प्रांतात राहणारी मुले १,१३९ भरली. त्यांपैकी १,०३७ मुलांच्या, म्हणजे ९१ टक्क्यांच्या, पालकांनी होकार दिला. फिल सिल्व्हा यांनी हे काम उभे केले. सन २००० पासून रिची पोल्टन यांनी ते २०२३ मधील निधनापर्यंत सांभाळले. टेरी मॉफिट आणि अव्शालोम कॅस्पी या मानसशास्त्रज्ञ जोडप्याने त्याला जगभर ओळख मिळवून दिली.

मुलांची तपासणी ३, ५, ७, ९, ११, १३, १५, १८, २१, २६, ३२, ३८ आणि ४५ व्या वर्षी झाली. मोठेपणी ही माणसे पांगली, बरीचशी ऑस्ट्रेलियात गेली. विद्यापीठ त्यांना प्रवासखर्च देऊन ड्युनेडिनला बोलावते. मग दिवसभर रक्त, दात, डोळे, फुप्फुसे, स्मरणशक्ती आणि मनःस्थिती तपासली जाते, दारू-गांजापासून पगारापर्यंत सगळे विचारले जाते, ४५ व्या वर्षी तर मेंदूचे एमआरआयही झाले. जो येऊ शकत नाही त्याच्याकडे संशोधक जातात, अगदी तुरुंगातसुद्धा. सांगितलेली गोष्ट बाहेर जाणार नाही, हा शब्द त्यांनी पाळला आहे. तो मोडला असता तर पुढच्या फेरीला किती जण आले असते, हे सांगायला संख्याशास्त्रज्ञाची गरज नाही.

एवढा आटापिटा कशासाठी, याचे उत्तर २०१६ च्या शेवटी प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात सापडते. संशोधकांनी या पिढीचा समाजावर पडणारा भार आठ खात्यांत मोजला. त्यात आढळले की अवघ्या २२ टक्के माणसांच्या नावावर गुन्ह्यांच्या शिक्षांपैकी ८१ टक्के, औषधांच्या चिठ्ठ्यांपैकी ७८ टक्के, सरकारी भत्त्यांपैकी ६६ टक्के, रुग्णालयात काढलेल्या रात्रींपैकी ५७ टक्के आणि ओढलेल्या सिगारेटींपैकी ५४ टक्के जमा होते. अपघात विम्याच्या दाव्यांत त्यांचा वाटा ३६ टक्के, म्हणजे तुलनेने कमी. हात-पाय कोणाचाही मोडतो.

शिक्षांचा आकडा माणशी मांडून पाहू. २२ टक्क्यांकडे ८१, तर उरलेल्या ७८ टक्क्यांकडे १९. भागाकार केला तर पहिल्या गटातल्या माणसामागे शिक्षांचे प्रमाण दुसऱ्या गटातल्या माणसाच्या सुमारे १५ पट येते. आकडा डोळे दिपवणारा आहे, पण इथे जरा थांबायला हवे. हा गट बांधलाच होता मुळी अनेक खात्यांत जास्त भार असणाऱ्यांचा, तेव्हा त्यांचा वाटा मोठा निघणारच. यातली बातमी दुसरीकडे आहे. तुरुंगाच्या, दवाखान्याच्या आणि भत्त्याच्या रांगेत वेगवेगळी माणसे नव्हती, मोठ्या प्रमाणात तीच ती होती. आणि त्यांच्या बालपणात गरिबी, घरातली मारहाण-हेळसांड, कमी बुद्ध्यांक आणि दुबळा आत्मसंयम या गोष्टी जास्त आढळल्या. तिसऱ्या वर्षी पाऊण तासात झालेल्या मेंदूच्या तपासणीतूनही या गटाचा बऱ्यापैकी अंदाज येत होता.

आता समजा, या अभ्यासात हजार माणसे होती आणि ती सांभाळण्याचा एवढा खटाटोप कोणी केला नाही. आकडेमोडीपुरते धरू की त्या २२० जणांतले १०० गळाले, बाकी एकूण एक आले. हजेरी ९० टक्के लागली. कुठल्याही विद्यापीठात ९० टक्के हजेरीच्या अभ्यासाची पाठच थोपटली जाईल. पण शिक्षांचे काय झाले? १०० शिक्षांपैकी ८१ या २२० जणांच्या होत्या, त्यांतल्या उरलेल्या १२० जणांच्या वाट्याला सुमारे ४४ येतात. इतरांच्या १९ मिळवल्या तर ६३. दहा टक्के माणसे गेली आणि समाजातला ३७ टक्के गुन्हा कागदावरून नाहीसा झाला. हे दहा टक्के गळतात तेही चिठ्ठ्या टाकून नव्हे. आजारी, कर्जबाजारी, घर बदलत फिरणारी, व्यसनात अडकलेली, शिक्षा भोगणारी माणसेच आधी हातून सुटतात. ९० आणि ९४ यांतला फरक चार टक्क्यांचा दिसतो, पण त्या चारांत कोण बसले आहे यावर सगळे अवलंबून असते.

मानसिक आरोग्याच्या बाबतीत हीच गोष्ट निराळ्या अंगाने पुढे आली. आयुष्यात कधी तुम्हाला नैराश्य आले होते का, असे चाळिशीतल्या माणसाला एकदाच विचारायचे, ही सर्वेक्षणांची नेहमीची रीत. ड्युनेडिनमध्ये तेच प्रश्न त्याच माणसांना दर काही वर्षांनी विचारले गेले, तेही मागच्या वर्षभराबद्दल. १८ ते ३२ या वयात चिंताविकाराच्या निकषांत कधी ना कधी बसलेले ४९.५ टक्के, नैराश्याच्या ४१.४, दारूच्या व्यसनाच्या ३१.८ आणि गांजाच्या १८ टक्के निघाले. एकदाच विचारणाऱ्या राष्ट्रीय सर्वेक्षणांपेक्षा हे प्रमाण साधारण दुप्पट आहे. लोक खोटे बोलत नाहीत, विसरतात. दहा वर्षांपूर्वीचे ते सहा वाईट महिने माणूस 'तेव्हा जरा कामाचा ताण होता' असे म्हणून मिटवून टाकतो.

पुढचा आकडा आणखी चकित करतो. ४५ व्या वर्षापर्यंत १,०१३ पैकी ८६९ जण, म्हणजे ८६ टक्के, कधीतरी कुठल्या तरी मानसिक विकाराच्या निकषांत बसले होते. ३८ व्या वर्षापर्यंत पूर्णपणे मोकळे राहिलेले होते ९८८ पैकी १७१, म्हणजे १७ टक्के. ते अधिक श्रीमंत, अधिक हुशार किंवा शरीराने अधिक धडधाकट घरांतले होते, असे दिसले नाही. घराण्यात मानसिक आजार कमी आणि लहानपणापासून स्वभाव शांत, एवढेच त्यांचे वेगळेपण. ८६ टक्क्यांचा अर्थ सगळे वेडे असा घ्यायचा की निकषच सैल असा, यावर वाद होऊ शकतो. माझ्या मते सरळ वाचन असे: सर्दी-तापासारखे मनाचे दुखणेही जवळपास प्रत्येकाच्या वाट्याला एकदा येते, आणि बहुतेकांचे ते कायम टिकत नाही.

आत्मसंयमाचे आकडे सर्वांत जास्त वापरले गेले, आणि गैरवापर झाला तोही त्यांचाच. तीन ते अकरा या वयात मुलांचा संयम पालक, शिक्षक आणि निरीक्षक यांच्याकडून मोजला होता. २०११ मध्ये निकाल आला: सर्वांत संयमी पंचमांशात ३२ व्या वर्षापर्यंत गुन्ह्याची शिक्षा झालेले १३ टक्के, सर्वांत अधीर पंचमांशात ४३ टक्के. वर्षाला २० हजार न्यूझीलंड डॉलरच्या खाली कमावणारे अनुक्रमे १० आणि ३२ टक्के. कुटुंबाची ऐपत आणि बुद्ध्यांक वजा करूनही फरक उरला. यावरून कोणी बालवाडीतच मुलांवर शिक्के मारायला निघाला, तर त्याने ४३ उलटा करून वाचावा. सर्वांत अधीर मुलांतल्या ५७ टक्क्यांना कधीच शिक्षा झाली नाही. गटाबद्दल हा आकडा बरेच काही सांगतो, समोरच्या एका मुलाबद्दल फार थोडे.

छेद जपला की सगळेच साधते असेही नाही, आणि या अभ्यासाची सर्वांत गाजलेली चूक तिथेच आहे. २००३ मध्ये ८४७ जणांच्या माहितीवरून असा निष्कर्ष निघाला की सेरोटोनिनशी संबंधित एका जनुकाचे आखूड रूप असलेल्या माणसांना आयुष्यातले आघात अधिक बाधतात आणि नैराश्य येते. 'नैराश्याचे जनुक' सापडल्याच्या आनंदात पुढे त्यावर शेकडो निबंध निघाले. २००९ मध्ये १४ अभ्यासांतल्या १४,२५० जणांची माहिती एकत्र केली, तेव्हा तो संबंध दिसला नाही. २०१९ मध्ये लाखोंच्या नमुन्यांवर अशी १८ नावाजलेली जनुके तपासली गेली, त्यातही काही हाती लागले नाही. कारण साधे आहे. ८४७ माणसांचे आधी जनुकाच्या तीन रूपांप्रमाणे आणि मग आघातांच्या संख्येप्रमाणे तुकडे पाडले की एकेका कप्प्यात मोजकीच डोकी उरतात. इतक्या थोड्या डोक्यांत योगायोगसुद्धा नियमासारखा दिसतो. एकाच जनुकाचा परिणाम इतका पुसट असतो की तो पाहायला लाखांची गर्दी लागते. अशा प्रश्नाला ९४ टक्के हजेरी पुरत नाही, तिथे शंभर ड्युनेडिन लागतील.

उलट शिशाच्या प्रश्नाला हेच गाव योग्य ठरले. १९८० च्या दशकात पेट्रोलमध्ये शिसे होते. अकराव्या वर्षी ज्यांच्या रक्तातले शिसे मोजले होते, अशा ५६५ जणांची ३८ व्या वर्षी पुन्हा परीक्षा झाली. लहानपणची सरासरी होती डेसिलिटरमागे सुमारे ११ मायक्रोग्रॅम. आज अमेरिकेत ३.५ च्या वर गेले की डॉक्टर लक्ष घालतात. दर ५ मायक्रोग्रॅम जादा शिशामागे मोठेपणीचा बुद्ध्यांक १.६१ गुणांनी कमी आढळला. इतर शहरांत शिसे बहुधा गरिबांच्या वस्तीत जास्त असते, त्यामुळे नुकसान शिशाने केले की गरिबीने, हा गुंता सुटत नाही. ड्युनेडिनमध्ये ते श्रीमंत-गरिबांच्या मुलांत सारखेच पसरले होते, म्हणून निष्कर्षाला धार आली. न्यूझीलंडने असे पेट्रोल १९९६ मध्ये बंद केले आणि भारताने २००० मध्ये. आपल्याकडे त्याआधी रहदारीच्या रस्त्यांलगत वाढलेली पिढी आज तिशी-चाळिशीत आहे.

म्हातारपणाच्या वेगाचे मापही याच लोकांवरून निघाले. २६ ते ४५ या वयांत मूत्रपिंड, हृदय, हिरड्या, फुप्फुसे वगैरेंची १९ मोजमापे चार वेळा घेऊन शरीर वर्षाला किती झिजते ते काढले. सरासरीला एक वर्ष धरले, तर कोणाचे शरीर वर्षात ०.४० वर्षांनी, तर कोणाचे २.४४ वर्षांनी म्हातारे होत होते. जे झपाट्याने झिजत होते ते चालायलाही मंद होते. रक्ताच्या एकाच नमुन्यावरून हा वेग सांगणारी चाचणी २०२२ मध्ये आली आणि ती आता इतर देशांतल्या अभ्यासांतही वापरली जाते.

तरीही हे आकडे उचलून आपल्या अंगावर घालता येत नाहीत. ती मुले बहुतांश युरोपीय वंशाची आणि एका छोट्या, सुखवस्तू देशात वाढलेली. आपले आकडे आपणच मोजावे लागतात, आणि पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत नेमके हेच केले. तिथे बाळांचे सरासरी वजन २.७ किलो भरले, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. पण हडकुळ्या दिसणाऱ्या या बाळांच्या अंगात चरबी मात्र वजनाच्या मानाने जास्त निघाली. गरोदर बायकांपैकी दोन-तृतीयांश जणींत बी-१२ जीवनसत्त्व कमी होते, फोलेट कमी असलेली फक्त एक. ज्या आयांत बी-१२ कमी आणि फोलेट भरपूर, त्यांच्या सहा वर्षांच्या मुलांत इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत जास्त दिसली. ड्युनेडिनच्या कोष्टकात हे कधीच दिसले नसते. शाकाहारी जेवण, शेतातली कष्टाची कामे आणि गर्भारपण यांचा असा मेळ तिथे नव्हता.

ड्युनेडिनची ती बाळे आता पन्नाशी ओलांडून गेली आहेत. ३८ व्या वर्षापर्यंत त्यांतली ३० दगावली, पुढच्या सात वर्षांत आणखी १०. यापुढे ही संख्या भरभर वाढेल आणि छेद माणसे न आल्यामुळे नव्हे, तर माणसे गेल्यामुळे लहान होत जाईल. स्मृतिभ्रंश, हृदयविकार, कर्करोग यांचे प्रश्न आता कुठे सुरू होतील, आणि कोण कधी गेले हीच यापुढची सर्वांत मोलाची नोंद असेल.